चिठ्ठीतली सायकल

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. आम्ही तुळजापुरात राहायचो आणि मी तिथून दोन कोसांवरच्या एका खेड्यात मास्तर होतो. जायला-यायला अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी सायकल होती. तिच्यावर खणांचं गाठोडं बांधून अप्पांनी वीस वर्षं गावोगावचे बाजार केले. पुढं मोतीबिंदूमुळं त्यांना उजेड-अंधाराखेरीज काही दिसेना. तरी रोज सकाळी ते तेलाची चिंधी घेऊन तिच्यापाशी बसायचे. कुठं काय आहे ते बोटांना पाठ होतं.

मला मात्र त्या सायकलीचा वैताग आला होता. चेन वाटेत दहादा उतरायची आणि धोतर काळं करायची. खरं सांगतो, मला तिची लाज वाटायची. मला नवी हवी होती.

नवी मिळायची सोलापुरात, इंग्रजांच्या मुलुखात. तिथून आमच्याकडं, निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीचा नाका, म्हणजे जकातीचा. नव्या सायकलीवर तिथं एवढी जकात बसायची की मास्तरानं तो विषयच सोडावा.

"नवी कशाला?" अप्पा म्हणाले. "हिचा सांगाडा लई घट हाय. मोडलंय तेवढं बदल. पर हिलाच घरी आण म्हंजे झालं."

"व्हय अप्पा," मी म्हणालो.

जुनी वस्तू हद्दीबाहेर नेऊन परत आणायची तर नाक्यावर चिठ्ठी करून घ्यावी लागे. ती दाखवली की येताना जकात नाही. जाताना कारकुनानं सायकलीभोवती एक फेरी मारली आणि उर्दूत लिहिलं: सायकल एक, जुनी, काळी, सीट फाटकी, मागच्या मडगार्डला पत्र्याचं ठिगळ, घंटी मुकी. मालक म्हणून मी अप्पांचं नाव सांगितलं.

सोलापुरात मिस्त्रीनं आधी चेन बदलली. मग म्हणाला, एवढं केलंच आहे तर चाकंही बघा. मग सीट, मग हँडल, मडगार्ड, घंटी. माझ्या तोंडून एकदाही नको आलं नाही. शेवटी उरला सांगाडा. तो त्यानं घासला आणि हिरवा रंगवला, कारण हिरवा शोभेल असं मीच म्हणालो. जुनं सामान मोडीत त्यालाच देऊन टाकलं. परत येताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी मी घंटी वाजवत होतो.

नाक्यावर चिठ्ठी दिली. अंमलदार एकेक शब्द वाचायचा आणि सायकलीकडं बघायचा. जुनी? काळी? सीट फाटकी? ठिगळ? शेवटी त्यानं अंगठ्यानं घंटी वाजवून बघितली. ती खणखणीत वाजली.

"मास्टरसाब, ये वो सैकल नहीं."

मी सांगाड्यावर हात आपटून शपथा घेतल्या. नवी सायकल जुन्या चिठ्ठीवर आणणारे त्यानं ढिगानं पाहिले होते, पण माणूस वाईट नव्हता. अप्पांना तो ओळखत होता. खणांचं गाठोडं कुणी न सांगता सोडून दाखवणारा माणूस एकच, असं म्हणाला. "बुजुर्ग को लाओ. गले के लिंग को हाथ लगाके बोले, 'मेरी है', तो ले जाओ."

आम्ही लिंगायत, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या शपथेहून मोठी शपथ नाही. मला हायसं वाटलं. सायकल नाक्यावर ठेवून घरी आलो आणि अप्पांना एवढंच सांगितलं की थोडं सामान बदललंय म्हणून नाक्यावाले अडवतायत. सगळं सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या बैलगाडीतून त्यांना नेलं. अंमलदारानं त्यांना खुर्ची दिली, सायकल पुढ्यात आणून उभी केली. अप्पांनी हात पुढं केला. सीट चाचपली. हँडल चाचपलं. मागच्या मडगार्डवर बोटं फिरवत ठिगळ शोधलं, पुन्हा एकदा शोधलं. अंगठा घंटीवर गेला, ती वाजली, तसा त्यांनी चटका बसल्यासारखा हात काढून घेतला. सांगाडा शेवटी. नव्या रंगावरून त्यांची बोटं नुसती घसरत होती.

त्यांनी सदऱ्याच्या आत हात घालून गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. मी मनात म्हणत होतो, बोला अप्पा, एकदाच बोला.

"साहेब, ही माझी न्हाय."

"अप्पा, सांगाडा तुमचाच हाय ओ!" मी जवळजवळ ओरडलो.

"आसंल लेका. पर मला घावंना. लिंगाला हात लावून कसं सांगू?" मग माझ्या दिशेनं तोंड करून त्यांनी विचारलं, "माझी कुठं हाय?"

अंमलदारानं मान खाली घातली आणि चिठ्ठी घडी करून टेबलावर ठेवली. त्यांच्यासमोर उभी होती म्हणावं, तरी खोटं आणि नव्हती म्हणावं, तरी खोटं. मी त्यांचा हात धरून त्यांना गाडीत बसवलं. सायकल नाक्यावरच राहिली.

सकाळी अप्पा सवयीनं तेलाची चिंधी घेऊन बाहेर आले. भिंतीपाशी बसले, हात पुढं केला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि मागं घेतला. मी शाळेला पायी निघालो होतो. "येतो अप्पा," एवढंच म्हणालो.