सातवा ठिपका

शेळीवाल्या आत्यांना वाचता येत नव्हतं, पण त्यांना फसवणं कुणाला जमलं नाही, कारण त्या मोजायच्या. दिवस मावळताना गोठ्याच्या तोंडाशी उभ्या राहून एकेका शेरडाच्या पाठीवर हात ठेवायच्या. एसटीत बसल्या की बाया मोजायच्या. माझ्या सभेनंतर मी मोठ्याने म्हणत वहीत चाळीसचा आकडा लिहायला लागले, तर त्या म्हणाल्या, "दीड इसा व्हत्या, तीस. बाकीच्या तुज्या मनात आल्या असतील."

वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या त्यांच्या वाडीवर मी पहिल्यांदा गेले, ती आरोग्य कार्यकर्ती म्हणून, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पत्रकं घेऊन. मी तेव्हा सगळ्यांवर रागावलेली असायचे. पोरीची सोळा वर्षं भरायच्या आत स्थळं बघणाऱ्या बापांवर, 'बायकांचं काहीतरी' म्हणून उठून जाणाऱ्या पुढाऱ्यांवर, पेशंटच्या नवऱ्याशी बोलून पेशंटला ताटकळत ठेवणाऱ्या डॉक्टरांवर. प्रशिक्षणात शिकवलं होतं, की काही वगळायचं नाही, काही मऊ करायचं नाही, माहिती हा बाईचा हक्क आहे. तेव्हा मी खणखणीत आवाजात धोके वाचले. कमी वयातलं लग्न, जास्त बाळंतपणं, तंबाखू, शरीरसंबंधातून येणारा विषाणू, तपासणी न करणं. विषाणूपाशी बाया जमिनीकडे बघायला लागल्या. एक जण पुटपुटली, "म्हंजी आमी तसल्या व्हय?" मी तिलाही झापलं, की विषाणू नवऱ्याकडूनही येतो.

एकट्या आत्या हसत होत्या. "ते बाळंतपणाचं परत वाच," म्हणाल्या. मी वाचलं. त्या शेजारणीकडे वळल्या. "लग्नाला चाळीस वरसं झाली. वटी भरताना मला मागं सारत्यात. पैल्यांदा कागदावर कुणीतरी लिवलं, वांझोटी बरी म्हणून."

तसं लिहिलेलं नव्हतं. ते तिथंच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. सभा रंगली होती आणि एक बाई चाळीस वर्षांनी हसत होती.

त्यानंतर आत्या शेरडं जावेच्या हवाली करून माझ्यासोबत गावोगाव यायला लागल्या. उत्रोलीला भातलावणी उरकून आलेल्या बायांना म्हणाल्या, "चिखलात दिसभर वाकता, तपासणीला घटकाभर पाय पसरायला लाजता?" भोंगवलीत एका सुनेने विचारलं, दुखतं का. आत्या म्हणाल्या, "सासूच्या बोलण्याइतकं न्हाई." सासू शेजारीच होती. तीही नाव देऊन गेली. मी दहा पत्रकं वाटून जे व्हायचं नाही ते त्यांच्या एका वाक्याने व्हायचं, आणि याचाही मला थोडा राग यायचा. मशेरी मात्र सोडत नव्हत्या. मी ओरडले की म्हणायच्या, "पाचातला एकच धोका माज्याकडं. तेवढा तरी राहू दे."

त्यांची स्वतःची तपासणी मीच करवली. निर्दोष आली. "आता तुम्हाला काळजी नाही, आत्या," असं मी म्हणाले. हे वाक्य माझंच आहे, कुठल्या पत्रकातलं नाही.

पुढच्या सुगीत भोरहून परतताना त्यांनी एसटीत पोटावर हात ठेवला. "दोन घासात पोट भरतंय बघ. आन् फुगतंय. ह्या वयात राहिलं वाटतं." आम्ही दोघी हसलो. मी ओवा खायला सांगितला. तपासणी निर्दोष होती ना.

तो अंडाशयाचा कर्करोग होता. माझ्या पत्रकातला नव्हताच. गर्भाशयमुखाच्या तपासणीत तो सापडत नाही, हे मला डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं. मी विचारलं, ओव्याऐवजी त्याच दिवशी आणलं असतं तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. लवकर सापडावा अशी याची नेमाची तपासणीच नाही. मला भांडायचं होतं, पण कुणाशी ते कळेना.

त्यांच्या खाटेशी मी या दुसऱ्या आजाराचं पत्रक घेऊन बसले, कारण त्यांनीच मागितलं. "मला का झालं, वाच." मी वाचलं. वाढतं वय. आईला किंवा बहिणीला असा किंवा स्तनाचा कर्करोग. जास्त वजन. पाळी गेल्यावर बरीच वर्षं घेतलेल्या संप्रेरकांच्या गोळ्या. गर्भाशयाचं अस्तर बाहेर वाढण्याचा आजार. मग मी कागदाची घडी घातली.

आत्यांनी हात पुढे केला, घडी उलगडली आणि ओळींच्या आधीच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "पाच वाचलीस. ठिपके सा हायत."

"आत्या, ते धोके असतात, कारण नसतं. एखादा असूनही आजार होत नाही, एकही नसताना होतो."

"वाच."

मी वाचलं. "मूल न झालेलं असणं."

त्यांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "म्हंजी पोरं झाली तर तो, न्हाई झाली तर ह्यो. बाईनं मग कुटं उभं ऱ्हावं?" याचं उत्तर प्रशिक्षणात कुणी दिलं नव्हतं. "आन् तू गाळलास का? तूच म्हणतीस, गाळायचं न्हाई."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाईट वाटलं. पण मोजदाद चुकली न्हाई." त्यांनी माझ्या खिशातला पेन दाखवला. "खाली अजून एक ठिपका दे. फुडं काय लिवायचं त्ये तुला सुचलं की लिव."

आत्या गेल्या, त्याला आता दुसरी सुगी येईल. सभांना मी आता हे दुसरं पत्रकही नेते. सहावा ठिपका बाईच्या तोंडावर वाचावा की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. मी वाचते, आणि वाचताना दरवेळी चुकल्यासारखं वाटतं. सातवा प्रत्येक पत्रकावर पेनने काढते. पुढे काही लिहिलं की ते घोषणेसारखं दिसतं. मग खोडते.

परवा आंबवड्यात सभा संपली, बाया उठल्या. मागच्या रांगेतली एक तेवढी बसून राहिली. पत्रक मांडीवर पसरून ती बोट फिरवत होती.

"ताई, सात ठिपके हायत. तुमी साच वाचले."

मी पिशवी खाली ठेवली आणि तिच्यासमोर बसले. म्हटलं, "वेल्ह्याकडच्या डोंगरात एक आत्या होत्या."