अठ्ठावन्न सेकंद

अरुणदादा गेल्याचा वहिनींचा फोन आला तेव्हा मी वर्तकनगरला दळण घेऊन घरी निघालो होतो. दादा माझा आतेभाऊ, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. "गेले हो भाऊजी..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता पाच आठवडे झाले.

दोन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, डावा हात मात्र कच्चाच राहिला. वहिनींनी स्कूटरची चावी कपाटात ठेवली. कोपऱ्यावरच्या भाजीलाही कुणाला तरी सोबत न्यायचं, हे दादाला सोसेना. मग त्याने तळहाताएवढं रिमोटचं हेलिकॉप्टर आणलं. ते वर-खाली करायची कांडी डाव्या अंगठ्याखाली येते, हे त्याने घेण्याआधीच पाहून ठेवलं होतं. वहिनींशी करार झाला : हॉलमधल्या दोन फुटी लादीच्या वर ते पूर्ण एक मिनिट स्थिर तरंगलं की चावी परत. घड्याळ लावायला दर रविवारी मी डोंबिवलीला जायचो.

सुरुवातीला चार सेकंदांत ते सोफ्याखाली जाई. पडून मोडू नये म्हणून दादा ते जेमतेम वीतभर उचले, आणि तिथेच ते जास्त हेलकावे खाई. पात्यांचा वारा जमिनीवर आपटून उलटा येतो, हे कळायला आम्हाला तीन रविवार लागले. गुडघ्याच्या वर नेलं तसं ते शांत झालं. शेपटी आपल्याकडे ठेवायची, नाहीतर डावं-उजवं उलटतं, हेही सोफ्याखाली वाकून वाकूनच शिकलो. पंखा अर्थातच बंद.

"यांचा हात सुधारेपर्यंत आम्ही वाफवून निघू," वहिनी पदराने वारा घेत म्हणत.

"वाफवलेलं पचायला हलकं असतं," दादा नजर न हलवता म्हणे.

शेवटच्या रविवारी वहिनी कल्याणला बहिणीकडे गेल्या होत्या. मी अठ्ठावन्नला घड्याळ थांबवलं.

"साठ लिही की रे."

"झाले नाहीत, दादा."

"तू ना, यमाकडूनही पावती घेशील," म्हणून तो हसला. "बघू पुढच्या रविवारी."

गुरुवारी दुसरा झटका आला.

ते दोन सेकंद सोडले असते तर तीन दिवस तरी त्याने स्कूटर चालवली असती. तेराव्यानंतर मी वहिनींना हे सांगून टाकलं.

"मला तर छप्पन्न म्हणाले. शेवटचे दोन सेकंद लादीबाहेर गेलं होतं म्हणे." मग म्हणाल्या, "आणि भाऊजी, चाळीस झाले तेव्हाच मी चावी काढून फ्रीजवर ठेवली होती. रोज दिसत होती त्यांना."

परवा गेलो तेव्हा टीपॉय अजून भिंतीला लावलेलं होतं. हॉलमधली ती लादी मोकळी होती. वहिनी चहा घेऊन आल्या, तिला वळसा घालून.