पायाळू बाळ फिरवू नका

"म्याडम, बाळ फिरवू नका. जसं हाय तसं येऊ द्या."

निगडीत माझं छोटं प्रसूतिगृह आहे. बाळ फिरवून द्या म्हणणाऱ्या बायका मी खूप पाहिल्या. फिरवू नका म्हणणारी सासू पहिल्यांदाच पाहत होते.

सून, शीतल, टेबलावर पडून होती. मूळची लातूरकडची, चाकणच्या एका कंपनीत स्टोअरला नोकरी. पहिलंच बाळंतपण, छत्तिसावा आठवडा. सोनोग्राफीत बाळाचं डोकं वर, छातीखाली दिसत होतं आणि बूड खाली. आम्ही त्याला ब्रीच म्हणतो. गावाकडे असं बाळ पायाकडून जन्मलं की त्याला पायाळू म्हणतात.

सासूबाईंना, म्हणजे आक्कांना, नेमकं तेच हवं होतं. चाकणजवळच्या जुन्या गावातलं हे घर. शीतलचे सासरे, तात्या, स्वतः पायाळू. कुणाच्या कमरेत उसण भरली की पायाळू माणसाने पाय लावला तर ती उतरते, अशी तिकडे समजूत आहे. कंपन्यांमधली वजनं उचलून कंबर धरलेली माणसं दर रविवारी तात्यांच्या अंगणात पालथी पडत आणि तात्या प्रत्येकाच्या पाठीला तीनदा पाय लावत.

"ह्यांचं वय झालं," आक्का म्हणाल्या. "आता पुढचा पायाळू घरातच येतोय. आमी न्हाई कशाला म्हनायचं?"

मी त्यांना समजावलं. बाळाचा सगळ्यात मोठा भाग म्हणजे डोकं. ते आधी आलं की बाकीचं अंग मागून सहज येतं. अंग आधी आलं आणि डोकं मागे अडकलं, तर हातात फार कमी वेळ असतो. म्हणून सदतिसाव्या आठवड्यात पोटावरून हाताने बाळ फिरवून बघायचं. नाही फिरलं तर सीझर.

आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं. "आमचे तात्या घरीच झाले," म्हणाल्या आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या.

तेवढ्यात शीतलने माझा हात धरला. "म्याडम, आमच्या काकूचं लेकरू असंच होतं. डोकं अडकलं. गेलं ते. मला लई भीती वाटायलीय. घरी कुणाला सांगितलं नाही मी."

"मग निर्णय तुझा," मी म्हटलं. "सही तुझी लागते, सासूची नाही."

पुढच्या आठवड्यात घरात काय चाललं होतं, ते मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. महेशचा क्रेन भाड्याने देण्याचा धंदा. इंटरनेटवर वाचून त्याने यार्डातली एक फळी सोफ्याला तिरकी लावली. शीतलने दुपारी कंबर वर, डोकं खाली करून त्यावर पडायचं. ओटीपोटाजवळ ब्लूटूथ स्पीकर. आवाज ऐकायला बाळ डोकं खाली आणेल, असा हिशेब. महेश कामावर गेला की आक्का यायच्या आणि स्पीकर उचलून शीतलच्या छातीखाली ठेवायच्या. बाळाला आहे तिथेच करमलं पाहिजे म्हणून. संध्याकाळी महेश तो परत खाली ठेवायचा. असं आठवडाभर चाललं. या उपायांनी काही होतं याचा ठोस पुरावा नाही, दोन्ही बाजूंनी.

ठरल्या दिवशी शीतलने सही केली. आम्ही बाळाचे ठोके तपासले, गर्भाशय सैल पडावं म्हणून इंजेक्शन दिलं. ऑपरेशन थिएटर तयार ठेवलं होतं, कारण क्वचित ठोके बिघडतात आणि लगेच सीझर करावं लागतं. महेश तिच्या उशाशी उभा होता, आक्का आणि तात्या बाहेर बाकावर.

"म्याडम, एक बोलू का?" तो म्हणाला. "लोड जागेवरून आधी उचलायचा, मग फिरवायचा. डायरेक्ट फिरवला की घासतो."

मी त्याच्याकडे पाहिलं. आमच्या पुस्तकातही हेच आहे. बाळाचं बूड आधी आईच्या कटीतून, म्हणजे ओटीपोटाच्या हाडांमधल्या पोकळीतून, वर उचलायचं, मग कोलांटी द्यायची.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "आता गप्प बसा."

पहिल्या वेळी बाळ आडवं झालं आणि परत मूळ जागी गेलं. दुसऱ्या वेळी पण तेच. दुसऱ्यांदा वाकलेली मी सरळच होईना. कमरेत कळ आली आणि टेबलाची कड धरून मी तशीच उभी राहिले.

"उसण भरली," महेश म्हणाला आणि दार उघडून ओरडला, "तात्या, आत या."

मी नको म्हणायच्या आत तात्या आत आले होते. आमच्या सिस्टर कडक. त्यांनी आधी तात्यांना बेसिनपाशी पाय धुवायला लावला, मग वर सॅनिटायझर. मी टेबल धरून वाकलेली, शेजारी शीतल पोटाला पट्टे लावून पडलेली, मशीनमधून बाळाचे ठोके टकटक ऐकू येतायत, आणि महेशच्या खांद्याचा आधार घेऊन तात्या माझ्या कमरेला पाय लावतायत. तीनदा. शीतल इतकी हसली की मशीनवरची रेघ वेडीवाकडी झाली.

पाच मिनिटांनी मी सरळ झाले. सिस्टरने तोवर मला पेनकिलर दिली होती. तात्यांना मी फक्त थँक्यू म्हटलं.

बाळ मात्र फिरलं नव्हतं. जोर लावायचा नसतो, म्हणून मी थांबले. एकोणचाळिसाव्या आठवड्यात सीझर ठरवलं.

त्या सकाळी आक्का नवाच पेच घेऊन आल्या. गावात वाद पडला होता. सीझरने आलेलं बाळ पायाळू धरायचं की नाही?

तात्यांचं मत पक्कं होतं. "पायानं यायचं ते सवताहून. उचलून काढल्यालं चालत न्हाई."

"म्याडम," आक्का हळूच म्हणाल्या, "तुमी काढताना पाय आदी काढनार का डोकं?"

"अशा बाळाचं बूड नाहीतर पायच आधी येतात."

"व्हय ना? मग तेवढं कार्डावर लिवून द्या."

भूलतज्ज्ञ हात धुवायला गेले. मी नेहमीप्रमाणे शेवटची सोनोग्राफी करायला बसले. खाली प्रोब ठेवला. पडद्यावर गोल, गुळगुळीत कड. डोकं. प्रोब वर नेला. वर बूड. पुन्हा खाली आले. डोकंच. एवढ्या उशिरा बाळ आपणहून फिरणं क्वचितच घडतं, पण घडतं.

"शीतल, ऑपरेशन कॅन्सल. बाळ फिरलंय."

तिने दोन्ही हात पोटावर ठेवले. मग म्हणाली, "मघा रिक्षात पोटात मोठं काहीतरी हललं. मला वाटलं खड्डा."

महेशने श्रेय स्पीकरला दिलं. आक्कांनी दोष मला दिला. "तुमीच त्या दिवशी हलवून ढिलं करून ठिवलं." भूलतज्ज्ञ चहा पिऊन घरी गेले.

आठ दिवसांनी शीतल बाळंत झाली. नॉर्मल. मुलगी. रडणं दाराबाहेरही ऐकू गेलं. मी बाहेर आले तेव्हा आक्का दारातच उभ्या होत्या.

"कशी आली?"

"डोक्यानं."

"आली ना. मग झालं. शीतल बरी हाय का? तिला आदी बघते." आणि मला बाजूला सारून त्या आत गेल्या.

तेव्हापासून माझ्याकडे नवीन डॉक्टर शिकायला आले की एक गोष्ट मी आवर्जून सांगते. ब्रीचचं सीझर असेल तर टेबलावर घेण्याआधी पुन्हा सोनोग्राफी करा, काल केली असली तरी. फाइल आपण लिहिलेली असते, बाळाने ती वाचलेली नसते.