फॉर्ममध्ये न लिहिलेली ओळ

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही किरटं आहे, माफ करा. चौथीनंतर पेन फारसं हातात आलंच नाही. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता... अंगात आलेल्या बाया बघून मी तोंडाला पदर लावून हसायची. म्हणून हे कुणाला सांगितलं नाही, वहीतच लिहितेय.

दोन हजार आठची दिवाळी होऊन गेली होती. आम्ही धामणकर नाक्याजवळ राहायचो. माझ्या मुलीला, दीपाला, पूर्णा गावातल्या एका गोडाऊनचा कॉम्प्युटरवरचा फॉर्म सुधारून द्यायचं काम मिळालं होतं. पॅकिंगला येणाऱ्या बायांनी गेटवरच्या कॉम्प्युटरवर नाव, गाव, मोबाइल नंबर भरायचा. पण काही चुकलं की खाली लाल इंग्रजी ओळ यायची, आणि बाया मशीन बिघडलं समजून उठून पळायच्या.

"आई, काय लिहिलं तर त्या घाबरणार नाहीत?"

मला वत्सला आठवली. त्याच गोडाऊनमध्ये मी पॅकिंगला होते तेव्हाची आमची मुकादम, माझी मैत्रीण. वर्षापूर्वी वारली. कुणाचं चुकलं तर ती ओरडायची नाही, समजावायची. मी तिच्या बोलीत सांगत गेले, दीपा घरच्या कॉम्प्युटरवर टाइप करत गेली. 'अगं, नाव टाकायचं ऱ्हायलं.' 'नंबरात एक आकडा कमी हाय, परत मोज.'

"ही तर वत्सलामावशीच बोलतेय!" दीपा हसली. "आता मुद्दाम चूक करून बघू. नाव कुणाचं टाकू?"

"टाक तिचंच."

दुपारचे तीन वाजलेले, शेजारच्या कारखान्यात लूमचा, मागांचा खडखडाट. नंबर रिकामा ठेवून मी बटण दाबलं. खाली लाल अक्षरं उमटली —

'कमळे, फीचं ऱ्हायलं हाय.'

मला कमळे फक्त वत्सला म्हणायची. बाकी सगळ्यांची मी कमलताई.

"हे मी लिहिलेलं नाही," दीपा म्हणाली. तिने आतली फाइल वरपासून खालपर्यंत शोधली. ती ओळ कुठेच नव्हती. पुन्हा बटण दाबलं, तर नंबराची साधीच ओळ आली.

"आई... कसली फी?"

मग सांगावंच लागलं. दीपाच्या कॉम्प्युटर कोर्सची फी वत्सलाने गुपचूप उसनी दिली होती. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. ती गेली, मागायला कुणी आलं नाही, आणि मी... मी गप्प बसले.

दीपा एवढंच म्हणाली, "मावशीच्या तेराव्याला तू तिथे जेवलीस ना गं?"

कॉम्प्युटरमध्ये जे लिहिलंच नाही ते दिसत नाही, असं दीपा आजही म्हणते. मग आम्हा दोघींना काय दिसलं, ते तिलाही सांगता येत नाही.

फॉर्मचे पैसे आले त्याच दिवशी आम्ही वत्सलाच्या घरी गेलो. मी पाकीट पुढे केलं. मान वर होईना. तिची सून म्हणाली, "सासूबाई बोलल्या व्हत्या, कमळीकडं मागाया जाऊ नका, ती येल."

ओटीवर बसून मी तिला नोटा मोजायला लावल्या. फी पुरी फिटली.