मोटारीखालचा निळा उजेड

मुंबईची गिरणी बंद पडली आणि माझा मोठा भाऊ खोकला घेऊन रत्नागिरीला परत आला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कापसाच्या धुळीने त्याची छाती पार कामातून गेली होती. इथल्या हवेत दोन महिने काढल्यावर कुठे त्याला सलग झोप लागू लागली. त्याला परत जायचं नव्हतं. मलाही त्याला पाठवायचं नव्हतं. आईवडिलांच्या मागे मला तोच होता. त्याने एक जुनी अँबॅसिडर घेतली. लग्नांच्या भाड्यावर ती चालली तर इथेच राहायचं, नाही चालली तर मुंबईला कुठेतरी वॉचमनकी धरायची, असं त्याचं ठरलं.

माझं एसटी स्टँडजवळ मोटारींच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याची टपरीच, पण मिजास केवढी. एके दिवशी दादा म्हणाला, "मुंबईला एका वरातीत गाडीच्या खाली दिवे लावलेले बघितले रे. गाडी उजेडावर तरंगत चाललीय असं वाटे. आपल्या गाडीला होईल तसं?" दादाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी लगेच कामाला लागलो.

आम्ही जांभ्याचे चिरे मांडून चारही चाकं त्यांवर चढवली आणि मी पाठीवर सरकत आत गेलो. खासगी बसमध्ये असतात तसल्या बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या ट्यूब आणल्या होत्या. त्या सायकलच्या जुन्या रबरात बसवून पट्ट्यांनी आवळल्या. वर गुंडाळायला दादाने पिवळा जिलेटिन कागद आणला होता. हळदीचा रंग, लग्नकार्याला बरा, असं त्याचं म्हणणं. मी त्याला हसलो. पिवळा उजेड कंदिलाचाही असतो, त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं म्हणून मी निळा कागद घेऊन आलो. तो म्हणाला, "तू कारागीर. तू म्हणशील तसं." आणि खोकत खोकत मला पक्कड देत राहिला.

पहिलं मोठं भाडं जवळच्या पावस गावातल्या एका बागायतदाराचं मिळालं. मुलाचं लग्न, नवरी घेऊन दिवेलागणीला घरी यायचं. कौतुक बघायला मीही दादाच्या शेजारी बसून गेलो. घरापुढच्या खळ्यात गाडी शिरली तेव्हा वीज नेहमीप्रमाणे गेलेली होती आणि घरात कंदील लागले होते. मी बटण दाबलं. गाडीखाली निळा उजेड पसरला. म्हातारेकोतारे गुडघ्यांवर हात टेकून वाकून बघू लागले. खरं सांगतो, त्या क्षणी नवरा मी असल्यासारखा ताठ बसलो होतो.

नवरी उतरली. नवऱ्याची आत्या ताम्हनात कुंकवाचं पाणी घेऊन आली. तिने ते दोघांवरून ओवाळलं आणि रीतीप्रमाणे त्यांच्या पायांशी ओतलं. ते पाणी काळं दिसलं. नवरीच्या पायांवरून काळे ओघळ गेले आणि गाडीखालच्या निळ्या उजेडात काळं थारोळं साचलं.

"कुंकू काळा झाला गो," कोणीतरी बाई हळूच म्हणाली.

आत्या रिकामं ताम्हन घेऊन मागे सरली. नवरी रडू लागली. दादाने आत हात घालून दिवे बंद केले. कंदिलाच्या उजेडात पाणी पुन्हा तांबडं दिसत होतं, पण आता तिकडे बघायला कोणी तयार नव्हतं.

निळ्या उजेडात तांबडं काळंच दिसतं. यात शकुन-अपशकुन काही नाही. गावच्या नाटकांना दिवे मीच लावत असे, आणि निळ्या दिव्याखाली राजाचा तांबडा शेला काळा पडतो हे मी दहादा बघितलं होतं. मला ठाऊक होतं आणि आठवलं नाही. मला कौतुक हवं होतं. त्या खळ्यात मी चार माणसांना समजावून सांगायला गेलो, तर त्यांनी तोंडं फिरवली.

बातमी आमच्या आधी रत्नागिरीत पोचली. ठरलेली दोन भाडी मोडली. मी निळे कागद फाडून पिवळे लावले, पुढे ट्यूबही काढून टाकल्या, पण लग्नाला ती गाडी कोणी घेईना. पावसाळ्याच्या तोंडावर दादाने ती विकली आणि मुंबईची एसटी धरली. मला एका शब्दानेही तो काही बोलला नाही. तो जाईपर्यंत मी मात्र रोज वाट बघत होतो की आता बोलेल.

गणपती झाल्यावर पावसचा एक जीपवाला हॉर्न दुरुस्त करायला आला. मी काम करत होतो आणि तो बाकड्यावर बसून बोलत होता.

"तुझ्या भावानं तुझं ऐकलंन असतं तर बरं झालं असतं. तू पिवळा लाव म्हणत होतास, आणि तोच निळ्यासाठी हटून बसला. जायच्या आधी आमच्या वाडीत घरोघर सांगून गेला, भावाच्या कामात काय खोट नाय, माझीच अक्कल गेली."

माझं गिऱ्हाईक तुटू नये म्हणून दादा सगळं आपल्या अंगावर घेऊन गेला होता. मी हॉर्नचा स्क्रू आवळत राहिलो. निळा माझा, एवढंच सांगायचं होतं. समोर जीप उभी होती आणि तिच्या मागे पावसची आणखी गिऱ्हाइकं मला दिसत होती.

"दादा कोणाचं ऐकतो होय," मी म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यात तो मुंबईलाच वारला. पावसच्या लोकांना मी अजूनही काही सांगितलेलं नाही.