घाटातली हद्द

कशेडी घाटात जीप कलंडली त्या दिवशी सकाळी संजीवनीने तिथला टॉवर तपासून वहीत ‘ठीक’ असं लिहिलं होतं. दुपारी जखमींसाठी लोक तासभर दवाखान्याला फोन लावत होते, तो लागला नाही. टॉवर उभा होता, वीज होती, फोनवर रेंज दिसत होती. तरी घाट मुका.

हे २००६च्या गणपतीतलं. पोलादपूरच्या वरच्या वाडीतली ही मुलगी. आई बनुबाईने गुरं राखून तिला महाडला शिकवलं, आणि ती मोबाइल कंपनीच्या ठेकेदाराकडे लागली. तो ‘ठीक’ शब्द वर्षभर तिला सलत होता. पुढच्या गणपतीआधी कारण शोधायचंच, असं तिने ठरवलं.

फोन खिशात गप्प असतो असं आपल्याला वाटतं. तो गप्प नसतो. टॉवरांचे गट असतात, आणि एका गटातून दुसऱ्यात गेला की फोन वर्दी देतो: मी आता इथे आहे. इंटरनेट चालू असेल तर आणखी बडबड. कंपनीने गटांची हद्द नकाशातल्या जिल्ह्याच्या हद्दीवर ओढली होती, आणि ती पडली नेमकी घाटात. एका वळणावर अलीकडचा टॉवर, पुढच्यावर पलीकडचा. दर वळणाला वर्दी. गणपतीला गावी निघालेले हजारो फोन वर्द्या देत सुटले, आणि त्याच अरुंद वाटेत मदतीचा फोन चेंगरला.

हे मोजायला सहा फोन घेऊन ती अकरा दिवस एसटीने घाट चढली, उतरली.

“ताई, दुकान काढलंत काय?” कंडक्टर कोंडाजीने विचारलं.

“नाय हो काका. वळणं मोजतेय.”

“मंग मला इचारा की. तीस वर्सं पोटात ढवळतायत.”

घरी बनुबाई वैतागली. “दिसभर घाट वर, घाट खाली. येडी झालीस काय गो?” मग सगळं ऐकून म्हणाली, “लय वरडतात तुजे फोन. आमी डोंगर वलांडल्याबिगर हाळी देत नाय.”

एका फेरीत एका फोनच्या एकोणीस वर्द्या. एक पुरली असती.

पुण्याहून येणाऱ्या कंपनीच्या विनीत सरांनी आकडे पाहिले. “नवीन सामान दिवाळीनंतर येईल. तेव्हा बघू.”

“सामान नकोय, सर. हद्द घाटापलीकडे, खाली सरळ रस्त्यावर न्या.”

“म्हणजे घाटापलीकडचे चार टॉवर आपल्या गटात. गट मोठा झाला की कुणालाही फोन आला तर त्याला शोधायला जास्त टॉवरांवरून हाक मारायची. ओझं इकडचं तिकडे.”

“तितकेच चार महाडकडच्या टोकाचे त्यापलीकडच्या तिसऱ्या गटाला द्या. तो गट लहान आहे.”

विनीत सरांनी नकाशावर दोन्हीकडचे टॉवर मोजले. “आणि फसलं तर?”

“तर माझं नाव लिहा. मागच्या वेळी ‘ठीक’खाली नाव न लिहिताच सुटले मी.”

गणपतीच्या चार दिवस आधी हद्द हलली. गणपतीच्या आदल्या दिवशी घाट गाड्यांनी तुंबला होता. संजीवनी कठड्याला टेकून दर पंधरा मिनिटांनी दवाखान्याला फोन लावत होती. सोळा वेळा लावला, सोळा वेळा लागला. शेवटी तिकडची नर्स खेकसली, “बाई, कोणी पडलंय का खरंच?”

“नाही. पडलं तर म्हणून,” संजीवनी म्हणाली, आणि वहीत ‘लागला’ असं लिहिलं.

संध्याकाळी ठेकेदाराचा निरोप आला. महाडजवळच्या सव गावातून तक्रार होती: तीन दिवसांपासून फोनची बॅटरी दुपारीच संपते. तिने नकाशा उघडला. महाडकडची नवी हद्द सवच्या घरांवरून गेली होती. तिथले फोन बसल्या जागी कधी या गटात, कधी त्या गटात वर्दी देत होते. घाटातली कटकट तिने त्यांच्या उंबऱ्यात नेऊन ठेवली होती.

सकाळी ती चपला घालू लागली तेव्हा बनुबाई फुलं निवडत होती. “आज गनपती बसायचाय गो.”

“आरतीला येते, आये. हद्द अजून थोडी सरकवायचीय.”

“आनि तितं कुनाचं घर आसंल तर?”

“तर त्यांच्याकडंबी जाईन,” ती म्हणाली आणि उतरणीला लागली.