महिपतची बंदूक खाली आली नाही

महिपत नाईकला गावात सगळे ‘फिल्लमवाला’ म्हणतात, आणि ते त्याला अजिबात खपत नाही. नाईक हे आडनाव नव्हे हो, पलटणीतला हुद्दा! बावीस वर्षं नोकरी केली, बर्फात पायाची दोन बोटं गेली, त्याचं कुणाला काही नाही. लक्षात काय राहिलं, तर सिनेमा.

आणि सिनेमा तरी कसला! आठ वर्षांपूर्वी मुंबईची मंडळी हातखंब्यापलीकडच्या सड्यावर, उघड्या कातळावर आली. लढाईचा सिनेमा होता. बंदूक नीट धरणारी माणसं हवीत म्हणून आसपासचे निवृत्त जवान गोळा केले. मुख्य प्रसंग असा, की निःशस्त्र गावकऱ्यांना ओळीत उभं केलंय, साहेब ‘फायर’ म्हणून ओरडतो, सगळे बार काढतात आणि एकच शिपाई बंदूक खाली करतो. डायरेक्टरला महिपतचा चेहरा आवडला. म्हणाला, ‘काका, तो शिपाई तुम्ही.’

महिपत हरखला. घरी जाऊन बायकोला, चिमाला, चार वेळा सांगितलं. पण दुसऱ्या दिवशी सड्यावर ‘फायर’ ऐकू आलं आणि बोटाने आपसूक चाप दाबला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच! काडतुसं खोटी होती म्हणून बरं. डायरेक्टरने कपाळाला हात लावला, ते काम मुंबईच्या एका नटाला दिलं आणि महिपतला ओळीत मागे ढकललं. रत्नागिरीत तो सिनेमा चार दिवस चालला, मग त्याचं नावही कुणी काढलं नाही. आता वाडीतल्या पोरांना तो मोबाईलवर सापडलाय. त्यांना बंदूक झाडणारा महिपत हिरो वाटतो. त्याला स्वतःला मात्र तिकडे बघवत नाही.

यंदा शिमग्याच्या आधी गावकी बसली. विषय हौसावहिनीचा. हौसा ही रामाची बायको. रामा आणि महिपत एकाच दिवशी भरती झाले होते, आणि रामा घरी आला तो पेटीतून. गावकीला हौसाच्या काजूच्या बागेतून देवळाकडे रस्ता हवा होता. ती नाही म्हणाली, वर तहसीलदाराकडे अर्ज केला. झालं! गावकीचा म्होरक्या गुणाजी गावकराने निकाल दिला: तिच्याशी कुणी बोलायचं नाही, शिमग्यात घरोघर फिरणारी देवाची पालखी तिच्या दारात जायची नाही. कायद्याने असं करता येत नाही हे त्यालाही ठाऊक, म्हणून कागदावर काही नाही. फक्त घरटी एकाने उठून ‘मान्य’ म्हणायचं.

महिपतने मनात हिशेब केला. वैशाखात त्याच्या मुलीचं, राहीचं लग्न. गावकी फिरली तर मांडव घालायला, जेवण रांधायला, पंगत वाढायला एक माणूस यायचा नाही. मुलाकडच्यांच्या कानावर गेलं तर लग्नच मोडायचं.

‘काय फिल्लमवाले, झोपलात की काय?’ गुणाजीने विचारलं. सगळे हसले.

महिपत उठला आणि म्हणाला, ‘मान्य.’

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. चिमावर उगाच वसवस करायचा. पालखीला पुढचा खांदा द्यायचा मान त्याच्या घराचा. चिमा म्हणाली, ‘गुडघा दुखतोय म्हणून सांगा नि घरी बसा.’

‘आणि मी का बसलो ते काय कळणार नाय लोकांना?’ तो खेकसला. मग त्याने मनाशी ठरवलं: वहिनी ताट घेऊन दारात उभी असली, तर थांबायचं. होऊ दे काय व्हायचं ते.

पालखी निघाली. खांद्यावर दांडी, कानात ढोल, मागून माणसांचा रेटा. वळणावर वहिनीचं अंगण दिसलं. सारवलेलं होतं, रांगोळी घातलेली होती. दार मात्र बंद. पालखी न थांबता पुढे गेली. महिपतला केवढं हायसं वाटलं! आणि तसं वाटलं याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी, वाडी आडवी झाल्यावर, तो काजूंमधून वाकत वाकत तिच्या मागल्या दाराशी गेला. वहिनी चुलीपाशी होती.

‘वहिनी, काल दार का लावलात?’

‘तुमच्यासाठीच लावला, भावजी. तुम्ही थांबला असतात तर राहीचा लगीन मोडला असता. नि नसतात थांबला, तर मना बघवला नसता.’

‘मी थांबणार होतो,’ असं सांगायचं त्याच्या मनात होतं. थांबला असता का, हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं, आणि आता कधी कळणारही नव्हतं.

वहिनीने सणाची पुरणपोळी त्याच्या हातावर ठेवली. तेवढ्यात बाहेर कुणीतरी खाकरलं. महिपत दचकून भिंतीला चिकटला. वहिनीने खिडकीतून डोकावून पाहिलं.

‘गेला तो,’ ती म्हणाली. ‘मागनं आलात, तसेच मागनं जावा. नि पोळी इथंच खावा, भावजी. हातात बघितली कुणी, तर विचारतील कुठली म्हणून.’

महिपतने ती तिथंच, उभ्या उभ्या संपवली.